अवेळी दिसलेला डाग

नाशिकरोडजवळच्या एकलहऱ्याच्या शिवारात पौष-माघात उन्हाळ कांद्याची लागवड जोरात असते. सामनगाव, कोटमगाव, जाखोरी, हिंगणवेढे, कुठेही जा, वाफ्यात ओळीने वाकलेल्या बायकांच्या टोळ्या दिसतात. सकाळी वाकलेली कंबर दुपारच्या भाकरीपुरती सरळ होते आणि पुन्हा वाकते. अशा दिवसांत एखादीला पाळी नसताना डाग दिसला, तर त्याचं कारण तिथल्या तिथे ठरून जातं. दिवसभर वाकून काम झालं, उष्णता वाढली, पिशवीवर ताण आला. रात्री सब्जा भिजत पडतो, धने-जिऱ्याचं पाणी होतं, दोन दिवसांत डाग थांबतो आणि विषय मिटतो. पुढच्या महिन्यात तो पुन्हा दिसतो. एकलहऱ्याच्याच औष्णिक वीज केंद्राच्या वसाहतीत राहणारी, शाळेत किंवा बँकेत नोकरी करणारी बाई उष्णतेचं नाव घेत नाही; ती म्हणते, दगदग फार झाली, शिवाय चाळिशी आली, आता असंच चालायचं. दोघींच्या दिनक्रमात काहीच सारखं नसलं तरी या बाबतीत दोघी सारख्याच वागतात. डाग कुणाला सांगत नाहीत आणि कुठे लिहूनही ठेवत नाहीत.

अशा डागाची कारणं बरीच असतात आणि त्यांतली बहुतेक साधीच निघतात. त्यांपैकी नेहमी आढळणारं एक कारण म्हणजे गर्भाशयातला पॉलिप. एकदा शंका आली की तो सापडायला फारसा वेळ लागत नाही आणि काढायला पोटावर टाकाही घालावा लागत नाही. तरीही त्याच्यापायी कितीतरी बायका वर्षानुवर्षं रक्त गमावत राहतात, आणि शेवटी काही जणी गर्भाशयच गमावून बसतात. म्हणून त्याची लक्षणं घरातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असायला हवीत, असं मला कळकळीने वाटतं.

गर्भाशयाच्या पोकळीला आतून मऊ अस्तर असतं. इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या प्रभावाने ते दर महिन्याला जाड होतं आणि गर्भ राहिला नाही की गळून पडतं. तीच पाळी. कधी कधी या अस्तराचा एखादा भाग बाकीच्या अस्तराबरोबर गळत नाही. तो जागच्या जागी वाढत राहतो, त्याला स्वतःची रक्तवाहिनी मिळते आणि तो पोकळीत डोकावू लागतो. हाच पॉलिप. काही पॉलिप देठावर लोंबतात, काहींना देठ नसतो, ते रुंद बुडाने भिंतीला चिकटून असतात. काही मिलिमीटरपासून काही सेंटिमीटरपर्यंत त्यांचा आकार असू शकतो. कधी एकच असतो, कधी तीन-चार असतात. देठ लांब असला तर पॉलिप गर्भाशयाच्या तोंडातून खाली योनीतही उतरतो. गर्भाशयाच्या तोंडाशी, म्हणजे ग्रीवेवर, वेगळे पॉलिपही होतात. ते डॉक्टरांना साध्या आतल्या तपासणीत डोळ्यांनी दिसतात.

पॉलिपची टोकाकडची त्वचा नाजूक असते आणि तिथपर्यंत रक्त नीट पोहोचत नाही. त्यामुळे ती झडते, तिच्यातून रक्त पाझरतं. बाकीचं अस्तर आपल्या तारखेला गळतं, पॉलिप त्या तारखा पाळत नाही. त्याची ओळख पटते ती यावरूनच. रक्त किती गेलं याइतकंच ते कधी गेलं, हे महत्त्वाचं.

इथे स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कालनिर्णय फार कामाला येतं. त्यावर दुधाचे खाडे असतात, गॅसच्या टाकीची तारीख असते, भिशीची असते. त्याच पानावर पाळीच्या दिवसांना फुली आणि इतर कुठल्याही दिवशी डाग दिसला तर टिंब, एवढीच खूण तीन महिने करायची. समजा, चाळिशीतल्या एका बाईच्या पानावर ३ ते ७ तारखेपर्यंत फुल्या आहेत. पुढे काही दिवस कोरे. मग १४ आणि १५ ला टिंबं, २१ ला आणखी एक. पुढच्या महिन्यात १ तारखेला पाळी वेळेवर आली, पाच दिवसांत आटोपलीही, पण त्यानंतर चार दिवस तपकिरी डाग लागत राहिले. या पानावर पाळीची लय शाबूत दिसते, आणि त्या लयीच्या मधल्या जागेत कुठून तरी वेगळंच रक्त येतंय. असं पान पाहिलं की डॉक्टरांच्या मनात पॉलिपची शंका लगेच येते.

दुसऱ्या एखादीच्या पानावर फुल्याच विस्कटलेल्या असतात. एक पाळी पंचेचाळीस दिवसांनी, पुढची अठराव्या दिवशी, तिसरी महिनाभर थांबतच नाही. तिथे बीजकोशातून बीज वेळेवर सुटत नसावं, थायरॉइड बिघडलेलं असावं किंवा पाळी जाण्याचा काळ जवळ आला असावा, असा विचार आधी होतो. तिसरीच्या फुल्या वेळेवर असतात, पण दहा-दहा दिवस चालतात, गुठळ्या पडतात, पोटात कळा येतात. तिथे फायब्रॉइडच्या गाठी किंवा गर्भाशयाच्या भिंतीतच अस्तर शिरण्याचा आजार शोधावा लागतो. नुसत्या कॅलेंडरवरून निदान होत नाही, शिवाय एकाच बाईला दोन-दोन कारणंही असू शकतात. पण "कधीपासून होतंय?" या प्रश्नाला "झाले असतील पाच-सहा महिने" असं मोघम उत्तर देण्यापेक्षा ही तीन पानं डॉक्टरांसमोर ठेवली, तर तपासणीची दिशा लवकर ठरते.

पाळीचं साधारण माप ठाऊक असलेलं बरं. एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत २४ ते ३८ दिवस आणि रक्तस्राव जास्तीत जास्त ८ दिवस, इथपर्यंत सगळं ठीक मानतात. पॉलिपमुळे पाळीतलं रक्तही वाढू शकतं. तासा-दोन तासाला पॅड भिजणं, रात्री उठून कपडा बदलावा लागणं, मोठ्या गुठळ्या पडणं, पाळीच्या दिवसांत कामावर जाता न येणं, यांपैकी काहीही होत असेल तर रक्त जास्त जातंय. "माझ्या आईचंही असंच होतं" हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. आईचंही कुणी तपासलेलं नसतं.

रक्त थोडं थोडं पण सतत जात राहिलं की अंगातलं लोह संपतं. मग जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, केस गळतात, जिभेला चव राहत नाही. कुणाला माती, खडू किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांच्या अंगात रक्त कमी असल्याचं राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत दिसलं. आकडा ५४ टक्के. हे सगळं काही पॉलिपमुळे होत नाही, जेवणातली कमतरता आणि जंत हेही आहेत. तरी ज्या बाईचं हिमोग्लोबिन लोहाच्या गोळ्या नीट घेऊनही वर येत नाही, तिला पाळीबद्दल सविस्तर विचारलंच पाहिजे. लोहाच्या गोळ्या वाटणाऱ्या आशाताईंनी हा एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ काम होईल.

शरीरसंबंधानंतर रक्त दिसणं ही आणखी एक खूण. ग्रीवेवरच्या पॉलिपला धक्का लागला की असं होतं. हे लक्षण बायका सगळ्यात जास्त लपवतात, आणि नेमकं हेच ग्रीवेच्या कॅन्सरचंही लक्षण असू शकतं. त्यामुळे त्यात लाज आणि वाट पाहणं दोन्ही महागात पडतं.

मूल राहत नसलेल्या जोडप्यांमध्येही कधी पॉलिप सापडतो. पोकळीत पॉलिप असला की गर्भ रुजायला अडथळा येऊ शकतो. माद्रिदच्या डॉक्टरांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, गर्भाशयात थेट वीर्य सोडण्याच्या उपचाराआधी ज्यांचा पॉलिप काढला त्यांच्यात ६३ टक्के बायकांना दिवस राहिले. ज्यांचा काढला नव्हता त्यांच्यात हे प्रमाण २८ टक्के होतं. उपासतापास, नवस आणि सुनेला बोलणं सुरू होण्याआधी एक सोनोग्राफी व्हायला हवी, ती यासाठी. अर्थात नवऱ्याच्या तपासणीच्या बरोबरीनेच.

वेदना मात्र पॉलिपमध्ये बहुतेक नसतात. कंबर धरणं, ओटीपोट दुखणं, अंगावर पांढरं जाणं, त्याला वास येणं किंवा खाज सुटणं या तक्रारींमागे सहसा दुसरी कारणं असतात. पॉलिप ग्रीवेतून खाली उतरू लागला की तेवढ्यापुरत्या कळा येतात. पुष्कळ पॉलिप तर काहीच त्रास देत नाहीत, दुसऱ्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत अचानक दिसतात. दुखत नाही म्हणून बायका थांबतात, हीच यातली अडचण आहे. आपल्याकडे बाईचं दुखणं सहन होईनासं झाल्याशिवाय दवाखान्यापर्यंत पोहोचत नाही, मग न दुखणाऱ्या गोष्टीसाठी शेतातला रोज कोण बुडवणार?

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, पाळी गेलेल्या बायकांची. एकलहऱ्याच्या वीज केंद्राचे पहिले दोन संच १९७० आणि १९७१ मध्ये सुरू झाले, पुढचे तीन १९७९ ते १९८१ या काळात. त्या वर्षांत लग्न होऊन वसाहतीत आणि आसपासच्या गावांत आलेल्या सुना आज साठी-सत्तरीत आहेत. त्यांची पाळी जाऊन पंधरा-वीस वर्षं झाली. या वयाच्या बाईला डाग दिसला तर ती सहसा हसून म्हणते, "आता या वयात पुन्हा पाळी आली की काय?" तशी पाळी कधीच परत येत नसते. सलग बारा महिने पाळी आली नाही की ती गेली असं धरतात. त्यानंतर दिसलेलं रक्त, मग ते एक थेंब असो, गुलाबी पाणी असो की तपकिरी डाग, पुन्हा होतंय का याची वाट न पाहता त्याच आठवड्यात दाखवायचं. पाळी गेल्यानंतर रक्त दिसणाऱ्या साधारण दहा बायकांपैकी एकीला गर्भाशयाच्या अस्तराचा कॅन्सर निघतो. बाकी नऊ जणींना कोरडं आणि पातळ झालेलं अस्तर, पॉलिप अशी साधी कारणं असतात. अस्तराचा हा कॅन्सर लवकर रक्त दाखवतो, म्हणून लवकर सापडतो आणि बहुतेक वेळा बराही होतो. वाट पाहिली की ही संधी हातची जाते.

खुद्द पॉलिपमध्ये कॅन्सर असण्याचं प्रमाण कमी आहे. पाळी चालू असलेल्या बायकांत शंभरात एक-दोन, पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्यांत शंभरात साधारण पाच. उच्च रक्तदाब आणि लठ्ठपणा असेल तर पॉलिप होण्याची शक्यता वाढते. अंगातल्या चरबीतही इस्ट्रोजेन तयार होतं, हे त्याचं एक कारण. स्तनाच्या कॅन्सरनंतर टॅमॉक्सिफेनच्या गोळ्या चालू असलेल्या बायकांत पॉलिप विशेष आढळतात. ती गोळी स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, पण रक्त दिसलं तर त्याच दिवशी आपल्या डॉक्टरांना कळवायचं.

गोळ्यांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. वणीला जायचंय, घरी गौरी बसायच्यात, पुतण्याचं लग्न आहे, अशा निमित्ताने पाळी लांबवण्याच्या गोळ्या मेडिकलमधून आणल्या जातात. गोळ्या बंद केल्यावर येणारं रक्त आणि मधले डाग यांनी पाळीचा सगळा हिशेब बिघडतो. तीच गोळी रक्त थांबवण्यासाठीही दिली जाते, आणि ती घेतल्यावर काही दिवस डाग थांबतातही. पॉलिप जिथल्या तिथे राहतो. कारण शोधल्याशिवाय दर दोन महिन्यांनी अशी गोळी घेत राहणं म्हणजे वेळ घालवणं. कॅलेंडरवर गोळीच्या दिवसांचीही खूण असू द्यावी.

बायका सांगत नाहीत, या गोष्टीचं मोजमाप महाराष्ट्रात झालेलं आहे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत साडेसहाशे बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ मध्ये ब्रिटनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या बायकांपैकी ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी कुठला ना कुठला आजार होता. त्याआधी अशी तपासणी झालेल्या बायका होत्या फक्त ८ टक्के. तोवर खेड्यातल्या बाईचं आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढंच समजलं जात होतं. दोन गावांच्या या अभ्यासाने जगभरातल्या आरोग्य कार्यक्रमांना विचार करायला लावलं. अभ्यासाला पस्तीसहून अधिक वर्षं झाली. आज नाशिकरोडला सोनोग्राफी सेंटर हवी तेवढी आहेत, तरी अवेळी दिसलेला डाग सांगायला बाई अजून जावेच्या किंवा मैत्रिणीच्या पलीकडे जात नाही.

आणि जेव्हा जाते तेव्हा पुष्कळदा वेगळीच गत होते. २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायकांची गर्भाशयं मोठ्या संख्येने काढली गेल्याचं उघडकीला आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली राज्य सरकारने समिती नेमली. बीडमध्ये ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी झाली, त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं होतं. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात तीनच्या आसपास आहे. खाडा पडला की मजुरी कापली जाते, फडावर पाणी नाही, आडोसा नाही, आणि त्यात "पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल" अशी भीती कुणी घातली की बाई तिशीतच ऑपरेशनला तयार होते. मूल झालं, आता पिशवीचा उपयोग काय, हे वाक्य नाशिक जिल्ह्यातही घरोघरी ऐकू येतं. बीजकोशही बरोबर काढले गेले तर हाडं लवकर ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोका वाढतो, हे त्या वेळी कुणी सांगत नाही.

२०२२ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने विनाकारण गर्भाशय काढण्याला आळा घालणारी मार्गदर्शक तत्त्वं काढली, आणि एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती तीन महिन्यांत लागू करण्याचे आदेश सगळ्या राज्यांना दिले. कॅन्सर असेल, कॅन्सरच्या वाटेवरचे बदल असतील, औषधांना दाद न देणाऱ्या मोठ्या गाठी असतील, तर गर्भाशय काढणं योग्य ठरतं आणि त्याने जीव वाचतो. साध्या पॉलिपसाठी गर्भाशय काढायची गरज सहसा पडत नाही. पण बाईला हे आधी माहीत नसतं. डाग सांगितला तर पिशवीच काढायला सांगतील, या भीतीने ती गप्प बसते. दोन वर्षांनी रक्त कमी होऊन आडवी पडली की तिला खरोखरच पिशवी काढायला सांगितलं जातं. ही साखळी तोडायची असेल तर तपासणी कशी होते आणि पॉलिप काढतात कसा, हे नीट समजून घेतलं पाहिजे.

पाळी चालू असलेल्या बाईची आधी लघवीची तपासणी होते, कारण दिवस राहिलेले असतानाही डाग दिसू शकतो. मग हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि आतली तपासणी, म्हणजे ग्रीवा डोळ्यांनी पाहणं. त्यानंतर सोनोग्राफी. पोटावरून केलेल्या सोनोग्राफीत छोटा पॉलिप चुकू शकतो, योनीमार्गातून केली तर बराच स्पष्ट दिसतो. या तपासणीला काही मिनिटं लागतात आणि ती दुखत नाही. पाळी संपल्या संपल्या, पहिल्या दहा दिवसांच्या आत ती करून घेतली तर उत्तम. त्या वेळी अस्तर पातळ असतं, म्हणून पॉलिप उठून दिसतो. पाळीच्या आधल्या आठवड्यात केली तर जाड अस्तरात तो लपून जातो, किंवा नुसतं जाड अस्तरच पॉलिपसारखं भासतं. पाळी गेलेल्या बाईच्या अस्तराची जाडी मोजतात. रक्त दिसलेलं असताना ती ४ मिलिमीटरपेक्षा जास्त भरली तर तुकडा काढून तपासतात. शंका राहिलीच तर पोकळीत थोडं सलाइन सोडून सोनोग्राफी करतात, मग पॉलिपची कड स्वच्छ दिसते.

खात्री पटते ती दुर्बिणीने. गर्भाशयात डोकावण्याची ही कल्पना दीडशे वर्षं जुनी आहे आणि तिची सुरुवात पॉलिपपासूनच झाली. १८६९ मध्ये पँटालिओनी नावाच्या डॉक्टरांनी साठ वर्षांच्या एका बाईच्या गर्भाशयात नळी घालून दिव्याच्या उजेडात पाहिलं. पाळी गेल्यानंतरही तिचा रक्तस्राव कशानेच थांबत नव्हता. त्यांना आत पॉलिपसारखी वाढ दिसली आणि सिल्व्हर नायट्रेटने त्यांनी ती जाळली. नोंद झालेली ही पहिली हिस्टेरोस्कोपी.

आजची दुर्बीण पेन्सिलीहूनही बारीक असते. ती योनीमार्गातूनच आत जाते, पोटावर कुठेही छेद नसतो. गर्भाशयाच्या भिंती एरवी एकमेकींना टेकलेल्या असतात; सलाइन सोडलं की त्या दूर होतात आणि पडद्यावर गुलाबीसर पोकळी उघडते. वरच्या दोन कोपऱ्यांत गर्भनलिकांची बारीक तोंडं दिसतात. पॉलिप असला तर विहिरीच्या पाण्यात शेवाळाची दशी डोलावी तसा तो त्या सलाइनमध्ये डोलताना दिसतो, त्याच्या अंगावरच्या रक्तवाहिन्याही दिसतात. बारीक कात्रीने किंवा विजेच्या तारेने त्याचा देठ बुडापासून कापून तो बाहेर काढतात. छोट्या पॉलिपसाठी कधी भूलही लागत नाही, मोठ्यासाठी थोडा वेळ भूल देतात. सकाळी गेलेली बाई बहुतेक वेळा संध्याकाळी घरी येते. गर्भाशय जागेवर राहतं, बीजकोशांना हात लागत नाही, आणि पुढे मूल हवं असेल तर त्याचीही वाट मोकळी राहते.

पूर्वी, आणि काही ठिकाणी अजूनही, अशा तक्रारीवर नुसतं क्युरेटिंग करतात. आत न पाहता अस्तर खरवडताना देठावरचा पॉलिप बाजूला सरकतो आणि राहून जातो. दोन-तीनदा क्युरेटिंग होऊनही डाग थांबत नसेल तर दुर्बिणीच्या तपासणीबद्दल स्पष्ट विचारावं. डॉक्टरांना विचारायला संकोच वाटतो, हे मला माहीत आहे. बरोबर नवरा, मुलगी किंवा बहीण कुणी तरी असू द्यावं आणि सरळ विचारावं, "डॉक्टर, पॉलिप केवढा आहे? नुसता तोच काढून भागणार नाही का? पिशवी काढायला सांगताय ते नेमकं कशासाठी?" चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. उत्तर पटलं नाही तर फाइल घेऊन दुसऱ्या डॉक्टरांना दाखवण्यात गैर काही नाही. पॉलिपमध्ये एका आठवड्याने सहसा काही बिघडत नसतं.

पाळी चालू असलेल्या बाईचा एक सेंटिमीटरपेक्षा लहान, काहीच त्रास न देणारा पॉलिप लगेच काढलाच पाहिजे असंही नाही. असे साधारण चारांतले एक पॉलिप वर्षभरात आपोआप नाहीसे होतात. काही महिन्यांनी पुन्हा सोनोग्राफी करून पाहतात.

एकलहऱ्याहून नाशिकरोड जवळच आहे. तिथे महापालिकेचं बिटको रुग्णालय आहे आणि नाशिकमध्ये जिल्हा रुग्णालय. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासण्या आणि उपचार मोफत आहेत. जिथे जाल तिथे स्त्रीरोग विभागात दुर्बिणीने तपासणी कुठल्या दिवशी होते, हे केसपेपर काढतानाच विचारून घ्यावं, म्हणजे रोज बुडवून हेलपाटे घालावे लागत नाहीत.

काढलेला पॉलिप तपासणीसाठी प्रयोगशाळेत गेलाच पाहिजे. तुकडा काढला की कॅन्सर पसरतो, ही भीती अजून पुष्कळ घरांत आहे. तसं होत नाही, उलट तुकडा न तपासता राहिला तर कॅन्सर असला तरी कळणार नाही. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात आणि तो आणायलाच विसरल्याची उदाहरणं कमी नसतात. पॉलिप काढल्यावर चार-आठ दिवस थोडे डाग लागतात. ताप आला, वास येणारा स्राव सुरू झाला किंवा पॅड भरभर भिजू लागलं तर मात्र लगेच परत जायचं. काही जणींना वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा पॉलिप होतो, म्हणून रिपोर्ट आणि सोनोग्राफीचे कागद रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवावेत, आणि कॅलेंडरवरची फुली-टिंबाची खूण पुढेही चालू ठेवावी.